निधी नाही म्हणून विद्यापीठातले अस्थायी कर्मचारी कमी करताहेत. भांडायचं नेमकं कुणाशी?

देवगिरीकर

मराठवाड्यातल्या एका अकृषी विद्यापीठाचा विषय आहे, नाव मुद्दाम देत नाही. परिपत्रक निघालंय की ‘आर्थिक तरतूद उपलब्ध नसल्याने’ अस्थायी कर्मचाऱ्यांना ३१ मार्चनंतर मुदतवाढ मिळणार नाही. यात सगळे एका जातकुळीचे नाहीत. काही जण विद्यापीठाच्याच अकरा महिन्यांच्या आदेशावर आहेत, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड दाखवून पुन्हा पुन्हा घेतलेले. काही रोजंदारीवर, विभागाच्या मस्टरवर सही करणारे. सुरक्षा, सफाई आणि डाटा एंट्रीवाले गुत्तेदाराकडून आलेत. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या फीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांवरचे कंत्राटी प्राध्यापक आणखी वेगळे.

प्रशासन म्हणतं शासन पैसे देत नाही. मंत्रालयातून उत्तर येतं, हा विद्यापीठाचा अंतर्गत प्रश्न आहे. कृती समितीत दोन मतं पडलीत. एक गट म्हणतो गेटवर बेमुदत धरणं आणि उन्हाळी परीक्षेवर बहिष्कार, दुसरा म्हणतो सरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊ. ज्यांना विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि कायदा आतून माहीत आहे त्यांनी सांगावं: पैसा कुणाकडं मागायचा, कागद कोणते जमवायचे, आणि बहिष्कारात गळा कुणाचा अडकतो?

लेखाशीर्ष

दोघंही अर्धं खरं बोलताहेत, म्हणून तर ही टोलवाटोलवी जमते.

शासन वेतन अनुदान देतं ते फक्त आकृतिबंधातल्या, म्हणजे पदसंख्येच्या मान्य आराखड्यातल्या मंजूर पदांना, तेही त्या पदावर रीतसर नेमलेला माणूस असेल तर. ते सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या कार्यालयातून येतं. बाकी माणसांचा पगार विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशातून. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६चं कलम ८ वाचा. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठाला नवं पद निर्माण करता येत नाही. पण त्याच कलमाच्या पोटकलम २ मध्ये मोकळीक आहे: स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांची फी, देणग्या, सेवाशुल्क, विकास निधी अशा पैशातून ‘विशिष्ट कालावधीसाठी’ पदं भरता येतात, अट एकच की शासनावर आज किंवा उद्या कोणताही भार पडता कामा नये. तुमचे अकरा महिन्यांचे आदेश बहुतेक इथूनच निघालेत. आदेशाच्या डोक्यावर ‘संदर्भ’ म्हणून जी ओळ असते ती कुणी वाचत नाही. तिथं व्यवस्थापन परिषदेचा ठराव क्रमांक असतो, बऱ्याचदा लेखाशीर्षही, म्हणजे खर्च कोणत्या सदरात टाकलाय ते. तुमचं पद नेमकं कुठून पोसलं जातंय हे तिथूनच कळतं, आणि भांडण कुणाशी करायचं हेही.

आता खरी गोम. मंजूर पद रिक्त राहिलं की त्याचा पगार शासनाचा वाचतो. काम मात्र रिक्त राहत नाही. गुणपत्रिका छापायच्याच असतात, पात्रता तपासायचीच असते. मग त्या टेबलावर अस्थायी माणूस बसतो आणि त्याचा पगार सामान्य निधीतून जातो. म्हणजे शासनाच्या बचतीचा बोजा विद्यापीठाने उचलला, आणि विद्यापीठाला झेपेना तेव्हा तो त्या माणसाच्या डोक्यावर आला. त्यामुळे ‘कर्मचाऱ्यांना कायम करा’ असं मोघम निवेदन देऊ नका. विभागवार तक्ता करा: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त किती, त्या रिक्त पदाचं काम आज कोण करतंय, किती वर्षांपासून, आणि पगार कुठून. ज्याचं नाव रिक्त मंजूर पदासमोर बसतं त्याची मागणी शासनाकडं. ज्याचं बसत नाही त्याची विद्यापीठाकडं. दोन वेगळी निवेदनं, दोन वेगळे पत्ते.

स्वतःचा पैसा कमी का झाला, तर त्यात सगळाच बनाव नाही. मराठवाड्यातल्या विद्यापीठांचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः संलग्नता शुल्क, परीक्षा शुल्क, पात्रता आणि पदवी प्रमाणपत्राचं शुल्क. १९९४ला नांदेडचं विद्यापीठ झालं तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडचे, आजच्या हिशेबाने, चार जिल्हे गेले. १९९८ला आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला झालं आणि वैद्यकीय महाविद्यालयं तिकडं गेली. पुढं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला संलग्नतेचे अधिकार मिळाल्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयं सरकली. जास्त फी देणारा विद्यार्थी गेला, बी.ए.चा राहिला. त्यावर दुष्काळ. टंचाई जाहीर झाली की सवलतींच्या यादीत परीक्षा शुल्क माफी असतेच. २०२३ला जे ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले त्यात अंबड, मंठा, धारूर, रेणापूर होते. माफी विद्यार्थ्याला लगेच मिळते, विद्यापीठाची प्रतिपूर्ती फायलीत फिरत राहते. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो बरोबरच आहे, पण विभागांची फी वसुली त्यामुळं लांबते. शासनाकडून येणं असलेली अशी रक्कम किती, हा आकडा तुमच्या आंदोलनातला सगळ्यात धारदार आकडा आहे. तो ताळेबंदात ‘येणे रकमा’ या सदरात सापडेल.

आणि एक घोटाळा टाळा. ‘विद्यापीठाकडं इतक्या कोटींच्या ठेवी आहेत आणि म्हणे पैसा नाही’ हे भाषणात टाळ्या मिळवतं, बैठकीत दोन मिनिटांत पडतं. ठेवींमध्ये कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, विद्यार्थ्यांच्या अनामती, संशोधन प्रकल्पांचा पैसा, देणगीदारांच्या पदकांचा विश्वस्त निधी असं बांधील धन असतं. अधिनियमानुसार सामान्य निधी, वेतन निधी, विश्वस्त निधी, विकास व कार्यक्रम निधी, आकस्मिकता निधी हे वेगवेगळे ठेवावे लागतात. वेतन निधीतही मंजूर पदांचा वेगळा आणि इतर पदांचा वेगळा. त्यामुळं ‘एकूण ठेवी’ विचारू नका, ‘निधीनिहाय ठेवी, आणि त्यातल्या बंधनमुक्त किती’ असं विचारा.

जायकवाडी_उजवा_कालवा

लेखाशीर्ष सरांनी मोठं काम केलं. एक विचारतो, पीएम-उषाचा, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनेचा पैसा आलाय म्हणतात. त्यातून पगार वळवता येतील की नाही?

लेखाशीर्ष

नाही. तो पैसा केंद्र ६० राज्य ४० असा येतो आणि मंजूर आराखड्यातल्या इमारती, उपकरणं, प्रशिक्षण अशा बाबींनाच बांधलेला असतो. नेमून दिलेला निधी शासनाच्या मान्यतेशिवाय दुसरीकडं वळवायला कलम ८चीच मनाई आहे. अशी मागणी केलीत तर प्रशासनाला आयतं ‘कायद्यात बसत नाही’ म्हणायला मिळेल.

त्यापेक्षा अर्थसंकल्पातले तीन रकाने शेजारी ठेवून बघा: गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. तूट बऱ्याचदा कागदावरची असते. बांधकामाची पूर्ण रक्कम तरतुदीत धरतात, वर्षात त्यातलं थोडंच खर्च होतं, आणि ‘इतक्या कोटींची तूट’ अशी बातमी छापून येते. सलग तीन वर्षांचं प्रत्यक्ष जमा-खर्चाचं पान काढलं की खरी तूट आणि दाखवायची तूट वेगळी होते. वाहनं, विश्रामगृह, वकिलांची फी, समित्यांचे भत्ते ही सदरं अस्थायी कर्मचाऱ्यांच्या सदराशेजारी ठेवून बघा. बोलायची गरज पडत नाही.

लेखापरीक्षित हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत व्हायला हवेत. ते झालेले नसतील तर ‘तरतूद नाही’ हे परिपत्रक कोणत्या आकड्यांवर काढलं, हा प्रश्न लेखी विचारा.

खंडपीठ_कट्टा

कायद्याची बाजू मी घेतो. सगळ्यांनी एकच याचिका करायची हा विचार आधी सोडा. तीन प्रकारच्या लोकांची तीन दारं आहेत. एकत्र केलं तर सर्वांत कमकुवत प्रकरणाच्या मापाने सगळे मोजले जातात.

विद्यापीठाच्या थेट आदेशावर असलेले: सेवा संपवल्याचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं, कलम ८१. तीस दिवस म्हणजे तीसच. निवेदनाचं उत्तर येईल, कुलगुरूंनी तोंडी शब्द दिलाय, यात लोक मुदत घालवतात. अडचण अशी की विद्यापीठ आदेशच देत नाही. एक एप्रिलला मस्टरवर नाव नसतं, बस. म्हणून ३१ मार्चच्या आधीच नोंदणीकृत टपालाने पत्र द्या: सेवा चालू आहे की संपवली, लेखी कळवा. एक एप्रिलला कामावर हजर व्हा, आणि रुजू करून घेतलं नाही तर तसं पत्र आवक विभागात देऊन शिक्का घ्या. घरी बसलात तर ‘स्वतःहून आले नाहीत’ हा बचाव तयार असतो.

शिक्षकेतर कामगारांना कामगार कायद्याचंही संरक्षण आहे. १९७८च्या बंगळुरू पाणीपुरवठा प्रकरणातल्या निकालाने विद्यापीठंही ‘उद्योगा’च्या व्याख्येत आली. आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले असतील तर नोकरकपातीआधी महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. हा हिशेब जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. २४० मोजताना साप्ताहिक सुट्टी आणि पगारी सुट्ट्या धरायच्या, फक्त हजेरीचे दिवस मोजून २१० वर थांबू नका. शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. म्हणून ज्येष्ठता यादी मागा. ती नसते, आणि नसणं हाच तुमचा मुद्दा.

विद्यापीठाचा पहिला बचाव ठरलेला: मुदतीचा करार होता, मुदत संपली, नूतनीकरण केलं नाही, याला कपात म्हणत नाहीत. कायद्यात ती पळवाट खरंच आहे. तिला उत्तर एवढंच की काम कायम स्वरूपाचं होतं आणि खंड फक्त कागदावर पाडले. महाराष्ट्रात १९७१चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब नेमकी हीच: वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणं. तक्रारीची मुदत ९० दिवस. संहिता आल्यानंतर अर्ज कोणत्या न्यायालयापुढं लावायचा हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न, मसुदा त्यानंतर.

कायम करण्याबाबत २००६चा उमादेवी निकाल विद्यापीठ पुढं करणारच, रीतसर भरतीशिवाय घेतलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही असं सांगणारा. तो पूर्ण वाचा. मंजूर रिक्त पदावर पात्र माणूस दहा वर्षं असेल तर त्यात वाट ठेवलेली होती. नंतर २० डिसेंबर २०२४च्या जग्गो निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमादेवीची ढाल करून दीर्घ सेवेच्या माणसांना वापरून घेता येत नाही. ऑगस्ट २०२५च्या धरमसिंग प्रकरणात तर मुद्दा थेट तुमचाच होता, उत्तर प्रदेशच्या उच्च शिक्षण सेवा आयोगातले रोजंदार कर्मचारी. पैशाची तंगी सांगितली की न्याय्य वागणुकीची जबाबदारी संपते असं नाही, हा त्याचा गाभा. तरी या निकालांवर नाचू नका. मंजूर पद, पात्रता आणि सलग काम हे तिन्ही कागदावर दाखवता आलं तरच ते उपयोगी.

गुत्तेदाराचे लोक सगळ्यात अवघड. २००१च्या स्टील अथॉरिटी निकालापासून कंत्राट संपलं म्हणून माणूस आपोआप मूळ मालकाकडं जात नाही. कंत्राट नुसतं नावाला होतं, रजा, काम, शिस्त सगळं विद्यापीठच बघत होतं, हे सिद्ध करावं लागतं. आणि सिप्ला निकालामुळं अनुचित प्रथेची तक्रार थेट करता येत नाही, आधी मालक-नोकर नातं ठरवून घ्यावं लागतं. मात्र बुडालेल्या पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येतेच, ते हक्काने मागा.

२४० दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे, विद्यापीठावर नाही. म्हणून मस्टरची छायाचित्रं आत्ताच काढून ठेवा. ओळखपत्र, परीक्षा कामाचे आदेश, तुमच्या सहीच्या टिपण्या, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, भविष्य निधीचं पासबुक, सगळं. परिपत्रकानंतर आठवड्याभरात जुने मस्टर ‘अभिलेख कक्षात’ जातात आणि तिथून परत येत नाहीत. टपालाने कॅव्हेटची, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा अर्ज विद्यापीठाने न्यायालयात आधीच केल्याची नोटीस आली तर समजा, आदेश तयार आहे. कॅव्हेट ९० दिवस टिकतं.

तासिका_नांदेड

प्राध्यापकांचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. शिक्षक ‘कामगार’ नाही, १९८८च्या सुंदरम्बाल निकालापासून हे ठरलेलं आहे. त्यामुळं २४० दिवस, १५ दिवसांचा पगार यातलं काही लागू नाही. दार न्यायाधिकरणाचं, नाहीतर उच्च न्यायालयात रिट याचिका. मुद्दे दोन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमात कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि त्यांचं मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नको, असं लिहिलंय. आणि ऑगस्ट २०२५मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनश्रेणी द्यायला लावली.

स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम बंद करताना विद्यापीठ ‘प्रवेश कमी’ म्हणतं. त्या अभ्यासक्रमाची जमा आणि त्याचाच खर्च वेगळा मागा. पुष्कळदा अभ्यासक्रम स्वतःपुरतं कमावत असतो आणि त्याचा शिल्लक पैसा सामान्य निधीत गेलेला असतो.

गोदाकाठ

वरचं सगळं बरोबर, पण नुसते कागद घेऊन गेलं तर दालनाबाहेरच्या बाकड्यावर बसवतात. गेटवर माणूस दिसावा लागतो. फक्त तो कसा आणि कधी, यात अक्कल लावा.

बहिष्काराबद्दल आधी. परीक्षेच्या कामात सहाय्य करणं कायद्यानेच बंधनकारक आहे. २०१३मध्ये राज्यभरच्या प्राध्यापकांनी परीक्षेवर बहिष्कार टाकला, ७१ दिवसांचा पगार कापला गेला आणि तो मिळवायला न्यायालयात जावं लागलं. ती माणसं कायम होती, त्यांना पगार थांबण्याची झळ सोसता आली. फेब्रुवारी २०२३मध्ये शिक्षकेतरांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हाही पुढं कायम कर्मचाऱ्यांची संघटना होती. अस्थायी माणसाने एकट्याने बहिष्कार टाकला तर प्रशासनाला काढायचं कारण आयतं मिळतं, आणि पालकांची सहानुभूतीही जाते. कायम कर्मचाऱ्यांची संघटना लेखी पाठिंबा देऊन स्वतः उतरत असेल तरच तो विषय घ्या. नाहीतर काळ्या फिती लावून काम, मग जेवणाच्या सुट्टीत द्वारसभा, मग साखळी उपोषण, अशी चढण ठेवा.

निकालाचा दाब मात्र वेगळा. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचं बंधन विद्यापीठावर आहे. नियमाप्रमाणे काम, म्हणजे ठरलेल्या वेळेत यायचं, ठरलेल्या वेळेत जायचं, आदेशाशिवाय दुसऱ्या टेबलाचं काम नाही. एवढ्यानं अस्थायी माणूस नसला की परीक्षा भवनात काय होतं ते पंधरवड्यात दिसतं. याला कुणी बहिष्कार म्हणू शकत नाही.

संप करायचाच तर किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस. ‘सामूहिक रजा टाकू’ ही जुनी युक्ती आता चालत नाही, निम्मे किंवा जास्त लोक एकदम किरकोळ रजेवर गेले तर नव्या संहितेत तो संपच धरतात.

धरण्याचं पत्र पोलीस ठाण्याला द्या, पोच घ्या. शैक्षणिक संस्थेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, तसं असेल तर गेटवर भोंगा लावला की गुन्हा लावायला सोपं जातं. भोंग्याची सभा क्रांती चौकात घ्या किंवा विभागीय आयुक्त कार्यालयासमोर, गेटवर फक्त बसा. जमावबंदी लागू आहे का ते आदल्या दिवशी बघा, सणासुदीत आपल्याकडं ती असतेच. आणि कृपा करून निवेदनात ‘अन्यथा आत्मदहन’ हे वाक्य टाकू नका. ती फॅशन झालीय. टाकलं की पोलिसांची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ची प्रतिबंधात्मक नोटीस येते, आदल्या रात्री दोन-चार जणांना उचलतात, आणि दुसऱ्या दिवशी मागण्यांऐवजी बंदोबस्ताचीच बातमी होते.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री ध्वजारोहणाला येतात म्हणून सगळे त्या दिवसाचा मुहूर्त धरतात. त्या दिवशी कुणाला जवळ जाऊ देत नाहीत. भेट हवी असेल तर दहा दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वेळ मागा. तुमचा प्रश्न मात्र मार्चचा आहे, सप्टेंबरपर्यंत थांबलात तर काढलेल्यांची निवेदनं होतील ती.

मार्चमध्ये महत्त्वाची ती अधिसभेची (सिनेटची) अर्थसंकल्पीय बैठक. पदवीधरांचे १० निवडून आलेले सदस्य असतात, मतं मागायला तुमच्याच दारात आलेले. प्रश्न आणि प्रस्ताव आधी द्यावे लागतात, म्हणून विषयपत्रिकेची अंतिम तारीख कुलसचिव कार्यालयातून काढा. बैठकीच्या दिवशी सभागृहाबाहेर घोषणा आणि आत त्याच विषयावर छापील प्रश्न, दोन्ही एका वेळी हवं. आत प्रश्न नसेल तर बाहेरच्या घोषणेची इतिवृत्तात नोंद राहत नाही.

देवगिरीकर

फार उपयोगी. एक नवीन माहिती: आदेशावरच्या लोकांना तोंडी सांगताहेत की ‘गुत्तेदाराकडून या, काम तेच राहील, विद्यापीठाचा खर्चही वाचेल.’ खर्च खरंच वाचतो का?

लेखाशीर्ष

गणित करून बघा. १५,००० वेतन धरू. भविष्य निधीचा मालकाचा वाटा प्रशासकीय आणि विमा आकारासह १३ टक्के, म्हणजे १,९५०. कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, ४८८. झाले १७,४३८. थेट ठेवला तर विद्यापीठाला इतकाच खर्च. गुत्तेदाराकडून आला तर त्यावर सेवाशुल्क, ५ टक्के धरा, ८७२. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ३,२९६. बिल २१,६०६चं. सफाई-सुरक्षेवरची करमाफी शाळेला आणि कनिष्ठ महाविद्यालयाला आहे, विद्यापीठाला नाही.

माणसामागे महिन्याला ४,१६८ रुपये जादा, शंभर माणसांमागे वर्षाला ५० लाख. माणसाच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही. त्याच्या १५,०००तून १२ टक्के भविष्य निधी आणि ०.७५ टक्के विमा कापून १३,०८७ उरतात, पुरुष असेल तर व्यवसाय कराचे २०० आणखी जातात.

मग तरी गुत्तेदार का? कारण हा खर्च ‘वेतन’ सदरात दिसत नाही, ‘सेवा’ सदरात दिसतो. अस्थायी वेतनाचं सदर कमी झालं की बचत झाली असं अधिसभेत सांगता येतं. दोन्ही सदरांची बेरीज विचारा. प्रत्यक्षात वाचतं ते तेव्हाच जेव्हा गुत्तेदार कमी माणसं लावतो किंवा भविष्य निधी भरत नाही. महिन्याचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ते जोडल्याशिवाय बिल पास करणारा लेखा विभागही जबाबदार आहे, हे एकदा लेखी विचारून बघा.

खंडपीठ_कट्टा

आणि सही करण्याआधी थांबा. गुत्तेदाराच्या अर्जावर सही म्हणजे विद्यापीठाशी असलेलं थेट नातं स्वतःच्या हाताने तोडणं. अगदीच पर्याय नसेल तर ‘हक्क अबाधित ठेवून, निषेधासह’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करा आणि त्याच दिवशी कुलसचिवांना पत्राने तसं कळवा. राजीनामा किंवा ‘माझी काही मागणी नाही’ असा कागद सोबत जोडून मागतील, तो मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका.

जायकवाडी_उजवा_कालवा

माहिती अधिकाराचा अर्ज कुणी मसुदा करून देईल का? आमच्याकडं एकाने चार पानी टाकला होता, परत आला.

गोदाकाठ

येणारच. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा हवा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं. ‘का दिलं नाही’, ‘कधी कायम करणार’ असे प्रश्न नकोत, अस्तित्वात असलेला कागदच मागायचा. तीन विषय, तीन अर्ज, शक्यतो तीन वेगळ्या लोकांच्या नावाने.

पहिला आस्थापना विभागाला: ‘शिक्षकेतर संवर्गातील मंजूर, भरलेली व रिक्त पदे, विभागनिहाय व संवर्गनिहाय, १ एप्रिल रोजीची स्थिती, गेली तीन वर्षे. तसेच रिक्त पदे भरण्यासाठी शासनाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.’

दुसरा वित्त व लेखा विभागाला: ‘गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित वार्षिक हिशेब, निधीनिहाय ठेवींची यादी, शासनाकडून येणे असलेल्या शुल्क प्रतिपूर्तीचा वर्षनिहाय तपशील, मनुष्यबळ पुरवठादारांना अदा केलेल्या देयकांची मासिक यादी.’ हा एक विषय नाही म्हणून अडवला तर मनुष्यबळाचा भाग तोडून वेगळा करा.

तिसरा कुलसचिव कार्यालयाला: ‘अस्थायी कर्मचाऱ्यांची मुदतवाढ थांबवण्याबाबत व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवलेली टिपणी, त्यावरील ठराव व इतिवृत्त.’ हा आधी टाका. परिषदेचा ठराव नसताना नुसतं परिपत्रक निघालेलं असेल, तर पहिला घाव तिथंच घालायचा.

खंडपीठ_कट्टा

तिसऱ्या अर्जात ‘टिपणीसोबतची सहपत्रे’ हे दोन शब्द वाढवा. आकडे ठरावात नसतात, सहपत्रात असतात.